नाण्यावरचे नाव, नाण्याचे गाव

नाण्यांची प्रदर्शने आपल्याकडे समीक्षेच्या कक्षेत येत नाहीत. नाटकाचे परीक्षण होते, चित्रप्रदर्शनाचे होते, हल्ली खाद्यमहोत्सवाचेही होते. नाण्यांच्या प्रदर्शनाची मात्र फक्त बातमी येते. ‘दुर्मिळ नाण्यांचा खजिना पाहण्यासाठी गर्दी’ असा मथळा, फीत कापणाऱ्या पाहुण्यांचे छायाचित्र आणि शेवटी प्रवेश विनामूल्य असल्याची ओळ. खरे तर असे प्रदर्शन हीही एक संहिताच असते. कोणत्या नाण्याशेजारी कोणते ठेवले, चिठ्ठीवर काय लिहिले, काय गाळले, यातून कोणीतरी इतिहास सांगत असतो, आणि रोजच्या जगण्यात इतिहासाचे एकही पुस्तक न उघडणारी शेकडो माणसे तो वाचत असतात. मग तो कसा सांगितला जातो, हे विचारायला नको का?

गेल्या हिवाळ्यात सोलापुरात भरलेल्या अशाच एका दोन दिवसांच्या प्रदर्शनात मी चारेक तास काढले. तीसएक वर्षे मी अशा ठिकाणी जातो आहे. आयोजकांचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कोणा एका मंडळाला उद्देशून नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर कुठेही गेलात तरी मांडणी थोड्याफार फरकाने हीच असते. लांब टेबले, त्यांवर लाल किंवा हिरवे कापड, काचेखाली चौकटी, विक्रेत्यांचे अल्बम, भिंगे, डिजिटल वजनकाटे. सोलापूरचे म्हणून जे वेगळे, ते बोलण्यात. एकाच टेबलावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषांत भाव चालू असतो आणि आकडा आला की सगळे मराठीत येतात.

दुसऱ्या रांगेत औरंगजेबाचे चांदीचे सात-आठ रुपये होते. चिठ्ठी अशी: ‘मुघल. औरंगजेब. रुपया. चांदी. ११.४ ग्रॅम.’ खाली किंमत. मी भिंग लावून एकेक पाहू लागलो. फारसी मला कोणी शिकवलेली नाही. टांकसाळींच्या नावांचा एक तक्ता वर्षानुवर्षे समोर ठेवून अक्षरांची वळणे डोळ्यांत बसवली आहेत, एवढेच. त्या सातांतल्या दोन नाण्यांवर ‘जर्ब’ या शब्दाबरोबर टांकसाळीचे नाव स्वच्छ उमटलेले होते: शोलापूर.

म्हणजे नाणे सोलापुरात पाडलेले, ज्या शहरात प्रदर्शन भरले आहे त्याच शहराचे नाव सव्वातीनशे वर्षे अंगावर घेऊन आलेले, आणि चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नाही! समोरून एका शाळेची सहावी-सातवीची मुले रांगेने गेली. त्यांच्या बाईंनी ‘हा औरंगजेबाचा रुपया’ असे वाचून दाखवले आणि रांग पुढे सरकली. ‘हा आपल्या गावचा रुपया’ एवढे जर तिथे लिहिलेले असते, तर ती रांग पाच मिनिटे तरी थांबली असती, अशी माझी खात्री आहे.

आणि सांगण्यासारखे किती होते! सोलापूर हे काही मुघलांचे सुभ्याचे ठाणे नव्हे. बहमनी, मग निजामशाही आणि आदिलशाही यांच्या ओढाताणीतले हे सरहद्दीवरचे गाव. भुईकोट किल्ला कधी याचा, कधी त्याचा. चांदबिबीच्या लग्नात तो आंदण गेल्याची हकीकत इथे सगळ्यांना पाठ असते. १६८५ साली विजापूरच्या मोहिमेसाठी औरंगजेबाने सोलापुरात तळ दिला. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले. पुढे १६९५ ते १६९९ या काळात बादशाही छावणी याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती. जिथे फौज तिथे पगार, आणि जिथे पगार तिथे रोकड. टांकसाळ ही अशा वेळी राजवैभवाची खूण नसते, युद्धखर्चाची असते. सोलापुरात सोन्याच्या मोहराही पडल्या. औरंगजेबाच्या नाण्यांवरच्या फारसी लेखात मोहरेवर सूर्याची उपमा येते, रुपयावर पूर्णचंद्राची. एवढासा शब्दबदल धातू ओळखून केलेला आहे. पूर्वीच्या बादशहांच्या नाण्यांवर असणारा कलमा त्याने नाण्यांवरून काढून टाकला, कारण नाणे कोणाच्याही हाती, कुठेही पडते. यातले एक वाक्यही चिठ्ठीवर नव्हते. वजन होते. दशांशासकट.

वजनाबद्दल तक्रार नाही. उलट मी स्वतः खिशात छोटा काटा घेऊन हिंडणारा माणूस आहे. तक्रार अशी, की या चिठ्ठ्या नाण्याबद्दल फक्त तेच सांगतात जे किंमत ठरवायला लागते. राजा, धातू, वजन, ‘दुर्मिळ’. ‘दुर्मिळ’ हे विशेषण त्या सभागृहात मी मोजायचे ठरवले होते आणि चाळीसच्या पुढे सोडून दिले. सगळेच दुर्मिळ असेल, तर तो शब्द माहितीचा राहत नाही, आरोळीचा होतो.

मुघल नाण्याचे एक बरे असते. त्याच्या अंगावर टांकसाळ असते, हिजरी साल असते, जुलूस म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष असते. चिठ्ठी मुकी असली तरी नाणे बोलते. ज्याला वाचता येते त्याला ते आपला पत्ता सांगते. शिवराईचे तसे नाही, आणि माझ्या लेखाचा खरा विषय इथून सुरू होतो.

शिवराई सगळ्यांना माहीत आहे. तांब्याचे नाणे, कडेने ठिपक्यांचे वर्तुळ, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. १६७४ च्या राज्याभिषेकाशी तिचे नाते आहे. पण शिवराईवर साल नसते. टांकसाळीचे नाव नसते. पुढच्या छत्रपतींच्या काळात आणि पेशवाईतही नाव सहसा बदलले नाही. तेच ‘श्री राजा शिव’ पाडले जात राहिले. टांकसाळी अनेक होत्या, कित्येक मक्त्याने दिलेल्या, आणि ठसे खोदणाऱ्याचे अक्षरज्ञान जसे असेल तसे ‘शिव’चे ‘शीव’, ‘सिव’, ‘पति’चे ‘पती’ होत गेले. ‘दुदांडी’ म्हणतात ती शिवराई, म्हणजे जिच्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दुहेरी रेघ असते ती, तर पेशवाईच्या अखेरीपासून इंग्रज अमदानीच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात ठेवली जाते. इंग्रजी पैसा आल्यावरही शिवराई बाजारात बराच काळ चालत होती. म्हणजे एकाच मजकुराखाली दीडशे वर्षांची नाणी आहेत. मग अमुक शिवराई कधीची आणि कुठली, हे कसे ठरवायचे? अक्षराचे वळण, वजन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती कुठे सापडली आणि तिच्याबरोबर काय सापडले, यावरून. ज्या नाण्यावर गाव लिहिलेले नाही, त्याचे सापडण्याचे गाव हाच त्याचा अर्धा लेख असतो.

आणि नेमका तोच लेख आपण रोज पुसतो आहोत.

दुपारी बाराच्या सुमारास एक शेतकरी गृहस्थ आले. पटका नव्हता, टोपी होती. हातात शेंगाचटणीचे रिकामे पाकीट, त्यात मातीने हिरवट झालेल्या शिवराया. विक्रेता ओळखीचा असल्यामुळे मला त्या हाताळायला मिळाल्या. एकोणीस होत्या. गृहस्थ म्हणाले, “मालक, ह्याचे काय येतील बघा. मडक्यात हुत्या. मडकं फुटलं नांगराला.” मी काटा काढला आणि सगळ्या तोलून वहीत टिपल्या. सर्वांत जड साडेबारा ग्रॅमच्या आसपास, सर्वांत हलकी नऊच्याही खाली. तीन-चारांवरची अक्षरे झिजून नुसता ‘रा’ उरला होता. दोन मात्र ठसठशीत, आणि त्या दोन्ही दुदांडी.

संशोधनाच्या दृष्टीने त्या पाकिटात काय होते ते सांगतो. पुरलेल्या साठ्याचा काळ त्यातल्या सर्वांत उशिराच्या नाण्यावरून ठरतो. दोन दुदांड्या न झिजलेल्या, म्हणजे त्या पाडल्यावर फार काळ न जाता मडके जमिनीत गेले. त्याच मडक्यात इतक्या झिजलेल्या शिवराया, म्हणजे पाच-सहा पिढ्यांपूर्वीचे नाणे त्या दिवशीही बाजारात खपत होते. कोणाच्या तरी घरची ती शिल्लक. राजाची नव्हे, सरदाराचीही नव्हे. एकोणीस शिवराया म्हणजे बाजारहाटाचा खुर्दा. शिवराईच्या दीडशे वर्षांच्या चलनाचा एवढा नेटका पुरावा त्या सभागृहात दुसरा नव्हता.

मी गाव विचारले. विक्रेताच घाईने म्हणाला, “सांगोल्याकडचं असंल कुठलं तरी.” गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, “गावाचं नाव कशाला पायजे मालक?”

दहा मिनिटांत वाटणी झाली. पाच चांगल्या नगावर गेल्या, उरलेल्या चौदा वजनावर. त्या पाच पुसूनपासून काचेखाली गेल्या तेव्हा त्यांच्यावर चिठ्ठी होती ‘शिवकालीन शिवराई, दुर्मिळ’. दोन्ही दुदांड्या त्यातच.

त्या गृहस्थांना दोष देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही जमिनीत पुरलेले सापडले, तर सापडणाऱ्याने ते कलेक्टरला लेखी कळवायचे: काय सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांची ही मर्यादा दीडशे वर्षांत हललेली नाही. मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश अशी उदार वाटणी त्यात आहे. पण सरकारला तो साठा स्वतःकडे ठेवायचा झाला, तर मोबदला काय? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. म्हणजे सोने-चांदी असेल तर ठीक. तांब्याच्या एकोणीस शिवरायांसाठी जो आकडा येईल त्यात तालुक्याच्या गावी जायचे-यायचे एस.टी.चे भाडे सुटणार नाही. कायदाच जिथे नाणे तोलून घेतो, तिथे विक्रेत्याने वजनावर घेतले तर आपण कोणत्या तोंडाने बोलायचे? आणि कैदेची भीती असल्यामुळे माणूस विकतो तेव्हा पहिली गोष्ट लपवतो ती गावाचे नाव. पुरावस्तूंच्या विक्रीसाठी परवाना लागतो हा १९७२ चा कायदा त्यावर आणखी एक गाठ मारतो. शंभर वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू. मग ते कुठून आले हे चिठ्ठीवर लिहिणारा विक्रेता आपण होऊन अडचण कशाला ओढवून घेईल? चिठ्ठ्या मुक्या आहेत त्या केवळ अज्ञानाने नव्हेत. त्यांना मुके राहणे परवडते.

साठा एकत्र राहिला तर काय घडते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १३,२५० चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. गौतमीपुत्राने नहपानाचा प्रदेश जिंकला, ही गोष्ट त्या ढिगाने जितकी ठामपणे सांगितली तितकी सुट्या नाण्याने सांगितली नसती. एक नाणे हा अपवाद म्हणता येतो. नऊ हजार हे धोरण असते. १९३९ चा अकोल्याकडचा तऱ्हाळ्याचा साठा असाच. शिशा-तांब्याच्या मिश्रधातूची, दिसायला अगदी सामान्य नाणी. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले सातवाहन राजे पुढे आले. ती नाणी आजच्या एखाद्या प्रदर्शनात पोहोचली असती, तर ‘सातवाहन, दुर्मिळ’ एवढ्या चिठ्ठीखाली शंभर घरांत विखुरली असती आणि कुंभ सातकर्णी हे नाव आपल्याला कळले नसते.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. विद्यापीठातून मला नाणे वाचायला कोणी शिकवले नाही. जे काही शिकलो ते या टेबलांवर. अल्बम उघडून तासन्‌तास बसू देणारे, ‘हे घरी नेऊन बघा, पुढच्या खेपेला द्या’ म्हणणारे विक्रेते मी पाहिले आहेत. आणि हा बाजार नसता तर ती एकोणीस नाणी तांबटाच्या भट्टीत गेली असती, हेही उघड आहे. नाणी वितळवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. बहमनी सुलतान महंमदशहाच्या काळात दख्खनचे सराफ त्याची नवी नाणी वितळवून टाकत आणि विजयनगरचे होन चालवत, असे फिरिश्ता सांगतो. त्या सराफांना भयंकर शिक्षा झाल्या, तरी होन चालतच राहिला. भट्टीपेक्षा काच बरी, यात वाद नाही. माझे म्हणणे एवढेच, की संग्राहक नाणे वाचवतो तेव्हा त्याचा धातू वाचतो, अक्षरे वाचतात. संदर्भ वाचत नाही, आणि तो वाचवायला पेन्सिलीच्या एका ओळीपलीकडे खर्च नाही.

मांडणीबद्दल थोडे. सगळ्या चौकटी घराण्यांप्रमाणे लावलेल्या होत्या: सातवाहन, बहमनी, आदिलशाही, मुघल, मराठा, ब्रिटिश, संस्थाने, स्वतंत्र भारत. शालेय पुस्तकाची अनुक्रमणिका. त्यामुळे झाले असे, की पंचम जॉर्जचा रुपया सभागृहाच्या एका टोकाला आणि निजामाचा चारमिनार छापाचा रुपया दुसऱ्या टोकाला. वास्तविक सोलापूरकराच्या कसात ही दोन्ही नाणी शेजारी शेजारी होती! तुळजापूर इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पण १९४८ पर्यंत ते दुसरे राज्य, दुसरे चलन. आंबाबाईच्या दर्शनाला जाताना इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार, द्यायचा आणि हाली घ्यायचा. भाव साधारण सहा कलदारांना सात हाली. अडत्यांचे हिशेब, हुंडी, लग्नातला आहेर, देवीच्या पेटीतले दान सगळीकडे हा सहा-सातचा गुणाकार. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘कलदार’ हा शब्द अजून ऐकू येतो. चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर असते. महबूब अलीच्या नाण्यावर मीम, उस्मान अलीच्या नाण्यावर ऐन. निजाम बदलला तरी इमारत तीच, फक्त दारातले अक्षर बदलले. हे मुलांना दाखवले तर ती दिवसभर भिंगाला चिकटून बसतील. पण त्यासाठी चौकटी घराण्यांप्रमाणे नको, बाजारांप्रमाणे लावायला हव्यात. १९३० सालच्या सोलापूरच्या पेठेत एका दिवसात कोणती नाणी हाताखालून जात, अशी एक चौकट करा. घराण्यांच्या आठ चौकटींपेक्षा ती जास्त सांगेल.

नाण्याचा एक गुण या प्रदर्शनांतून आता पार गेला आहे, तो म्हणजे आवाज. आपली भाषा सराफाच्या कानाने घडलेली आहे. बोलणे खणखणीत असते, माणूस वाजवून घ्यावा लागतो, घराण्याला बट्टा लागतो, बंदा रुपया मोडवत नाही. पोतदार हे आडनाव नाणे पारखणाऱ्याच्या कामावरून आले. आणि समोर नाणी बंद प्लास्टिकच्या डब्यांत, वर दर्जाचा आकडा. नाण्याला हात न लावता नाणे पाहायचे. झिजलेले नाणे या आकड्यांच्या जगात खालच्या पायरीवर. मला उलट वाटते. न झिजलेले नाणे कोणीतरी पेटीत ठेवले होते, एवढेच ते सांगते. झिजलेले हजारो हातांतून गेलेले असते. पण झीज मोजायला नवा दर्जा कोण काढणार?

७८६ क्रमांकाच्या नोटा आणि वैष्णोदेवीची नाणी यांबद्दल लिहायचे नव्हते. पण अर्धी गर्दी त्याच टेबलापाशी होती. ‘घरात एक आहे, लाखात जाईल म्हणतात’ असे विचारणारे निदान वीस जण ऐकले. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नावावर जुन्या नोटा-नाण्यांची खरेदी करू पाहणाऱ्या ठकांबद्दल जाहीर सूचना काढली होती. ती प्रवेशद्वारावर लावायला कागदाचा खर्च पाच रुपये आला असता.

सोलापूरहून तेर काही फार लांब नाही. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर आपल्या गावाच्या मातीतून वर आलेल्या वस्तू गोळा केल्या. मणी, मृण्मूर्ती, नाणी. आज तेरच्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. ते काही पदवीधर पुरातत्त्वज्ञ नव्हते. त्यांच्या संग्रहाची किंमत ही, की तो एका गावाचा आहे. त्यातले नाणे दुसरीकडे अधिक चांगल्या स्थितीत मिळेल. पण ते ‘तेरचे’ असणार नाही. प्राचीन तगर व्यापारी नगर होते याची साक्ष देताना त्या नाण्याला हेच कामी येते.

त्या सोलापूरच्या सभागृहातही या रीतीचा एक माणूस होता. शेवटच्या कोपऱ्यात, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर त्याला जागा मिळाली होती. चाळिशीचा, विणकर कुटुंबातला, तेलुगू वळणाचे मराठी बोलणारा. त्याच्यापाशी एकही राजाचे नाणे नव्हते. पितळेचे बिल्ले होते: गिरण्यांचे, कॅन्टीनचे, हजेरीचे, मधोमध भोक आणि आकडा खोदलेला. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे ज्या शहराच्या बोलण्यात अजून आहेत त्या शहराचे हे चलनच. सरकारने न पाडलेले, पण एका कपाला चहा आणि एका दिवसाला पगार देणारे. प्रत्येक बिल्ल्याखाली बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी होती. कोणत्या पेठेतल्या भंगाराच्या दुकानात मिळाला, कोणत्या वर्षी, किती किलोच्या ढिगातून, आणि दुकानदाराने तो कुठून आल्याचे सांगितले. काहींखाली ‘दुकानदारास आठवत नाही’ असेही लिहिलेले. ‘दुर्मिळ’ हा शब्द कुठेच नव्हता.

मी एका बिल्ल्याची किंमत विचारली. तो म्हणाला, “विकायचे नाहीत सर. वजन करायचं आसंल तर करा, मी अजून केलो नाही.” आम्ही दोघांनी मिळून बासष्ट बिल्ले तोलले. आकडे त्याने चिठ्ठ्यांवर चढवले आणि मी वहीत. बिल्ला क्रमांक ४१७ सर्वांत हलका निघाला. एका बाजूने बोटाने झिजून त्याची कड पातळ झाली होती.